चार चाकांचे चार रंग

बाईंनी काठी गॅरेजवाल्याच्या हातात दिली, मडगार्डवर हात टेकला आणि वाकून चाकाच्या जागी पाहिलं. चाक नव्हतंच. चारही चाकं काढून भिंतीला लावून ठेवली होती आणि गाडी लोखंडी स्टँडवर अधांतरी उभी होती. चाकाच्या जागी घासून लख्ख केलेली पोलादी चकती होती आणि तिच्या कडेला घट्ट धरून बसलेला कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबला की चकतीला दोन्हीकडून आवळणारी लोखंडी पकड. तिला लालभडक रंग दिलेला होता.

"लाल," बाई म्हणाल्या. "बरं. मग?"

"मागे चल," त्यांचे यजमान फ्रेमवाले म्हणाले.

"मागे काय आहे?"

"चल तर खरी."

मागचा कॅलिपर पिवळा होता. बाईंनी काठी परत घेतली आणि डिकीला वळसा घालून त्या पलीकडे गेल्या. तिथे मागचा निळा होता, पुढचा करडा. फेरी पुरी करून त्या पुन्हा लालपाशी आल्या आणि चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडून दिलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, हे काय आहे?"

"नमुने."

"गाडीवर?"

"मग कुठे?"

गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला. तो बाईंच्या हाताखाली गाडी शिकलेला होता आणि आता त्याचे केस पांढरे व्हायला लागले असले तरी बाई आल्या की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"बाई, मी काकांना सांगत होतो. पत्र्याच्या तुकड्यावर चारही रंग मारून देतो, घरी नेऊन दाखवा. पण ऐकतील तर शपथ."

काका ऐकणार नव्हतेच. फ्रेमवाल्यांचं सगळं आयुष्य लोकांच्या फोटोंना आणि चित्रांना चौकटी करण्यात गेलं होतं. दुकानात भिंतभर चौकटींचे कोपरे टांगलेले असायचे. गिऱ्हाईक लांबूनच बोट दाखवून म्हणायचं, तो सोनेरी द्या, की हे तो कोपरा काढून चित्रावर ठेवायचे आणि काही न बोलता गिऱ्हाइकाचं तोंड बघत बसायचे. बहुतेकांचं मत तिथेच बदलायचं. रंग तुकड्यावर ठरवू नये, जागेवर ठेवून बघावा, हा त्यांचा नियम होता आणि तो ते घरातही लावत. पडदे घ्यायचे ठरले तेव्हा त्यांनी प्रत्येक खिडकीला वेगळं कापड टाचलं होतं आणि कितीतरी दिवस ते घर कापडाच्या दुकानासारखं दिसत होतं. तेव्हा गाडीच्या बाबतीत ते शहाण्यासारखे वागतील ही अपेक्षाच चुकीची होती.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. भिंतीवरच्या चौकटी शेजारी शेजारी दिसतात. गाडीची चाकं चार कोपऱ्यांत असतात. लालसमोर उभं राहिलं की निळा पार पलीकडे.

"म्हणजे दोन रंग शेजारी ठेवून बघायचे तर मी गाडीभोवती फेऱ्या मारत बसायचं," बाई म्हणाल्या.

"मार की. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे."

गॅरेजवाला हसू लपवायला पान्यांच्या ट्रेकडे वळला.

बाईंचा गुडघा वसंतात बदलला होता. त्याआधी अख्खी हयात त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. बाईंचा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं राहिला की घरच्या गाडीतही, जिथे तसलं काही नव्हतं, तो आपणहून खालच्या रबरी मॅटवर आपटायचा. फ्रेमवाले चालवत असले तर हमखास. चौक आला, पाय. कुत्रं दिसलं, पाय. पुढच्या गाडीचा दिवा नुसता लुकलुकला तरी पाय. त्या जागी मॅटला चांगलं भोक पडलं होतं. फ्रेमवाल्यांनाही गाडी बाईंनीच शिकवली होती. त्यांची ओळख तिथलीच. बाईंच्या मते ते तेव्हापासून अजून शिकतच होते.

ऑपरेशन छान झालं. घरी नेताना बाई नेहमीसारख्या पुढे बसल्या होत्या. दारात उतरल्या, आणि त्यानंतर पुढे म्हणून बसल्या नाहीत. मागे पाय लांब करता येतो, म्हणाल्या. सुरुवातीला ते खरंही असेल. पण टाके निघाले, सूज उतरली, काठी घेऊन का होईना त्या बाजारात आणि बँकेत जायला लागल्या, तरी गाडीत मात्र मागेच. रविवारी शहराबाहेर लांब चक्कर मारायची त्यांची जुनी सवय होती. ती चक्करही आता अशीच व्हायची. शेजारची सीट रिकामी आणि आरशात बायकोचं अर्धं कपाळ. लोकांना वाटत असेल, बाईंनी ड्रायव्हर ठेवला.

फ्रेमवाल्यांना हे फार लागलं होतं. ते मूग गिळून गाडी चालवत राहिले. पण कारण त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. हॉस्पिटलमधून येताना पुढची बस अचानक थांबली होती आणि यांचा ब्रेक जरा उशिरा लागला होता. बाईंचा विश्वास उडाला तो तिथेच.

यावर त्यांनी काढलेला उपाय असा की ब्रेकच नवे करून टाकायचे. पॅड नवे, चकत्या नव्या, ऑइल नवं. पण नवा ब्रेक दिसत नाही, आणि डोळ्यांना दिसल्याशिवाय बाई कशावर भरवसा ठेवत नाहीत. कॅलिपर मात्र चाकाच्या फटींतून दिसतो. तो रंगवला तर गाडीत बसण्याआधी रोज नजरेला पडेल, आणि रंग तिनेच निवडलेला असेल तर... इथपर्यंत त्यांचा विचार पोचला होता आणि तो त्यांचा त्यांनाच भलता पटला होता. गॅरेजवाल्याने फारशी चौकशी केली नाही. हे असलं कॉलेजातली पोरं करून घेतात काका, एवढंच म्हणाला.

"लाल नको," बाई म्हणाल्या.

"का? ब्रेकला लाल शोभतो."

"शोभेल. पण लाल लावून तुमच्या वेगाने गाडी निघाली की लोक हसतील."

त्या मागे गेल्या. पिवळ्यापाशी बऱ्यापैकी रेंगाळल्या. "हा त्यातल्या त्यात बरा. ऑइल गळायला लागलं तर डाग लगेच दिसेल."

"ब्रेक ऑइल गळलं तर रंगच उठतो, बाई," गॅरेजवाला ट्रेपाशी उभा राहून म्हणाला. "कोणताही असू दे."

"कोणताही? मग पिवळा कशाला? शाळेच्या बसला असतो."

निळ्याकडे त्यांनी एकच नजर टाकली. "हा आपल्या बाथरूममधल्या बादलीचा आहे." मग करड्यापाशी येऊन विचारलं, "याला रंग दिलाय की द्यायचा राहिलाय?"

"दिलाय. आणि मला विचारशील तर तोच घ्यावा," फ्रेमवाले म्हणाले. "चौकट दिसता कामा नये. चित्र दिसावं."

"चित्र कुठे आहे यात?"

फ्रेमवाल्यांचं लक्ष तिथे नव्हतं. बाई लाल पुन्हा बघायला निघाल्या होत्या, मग पिवळा, मग परत लाल, आणि त्यांच्या नकळत काठीवरचा भार कमी होत चालला होता. पहिल्या फेरीला त्या काठी रोवून पाऊल टाकत होत्या. आता काठी नुसती सोबत चालली होती. फ्रेमवाले गाडीच्या टपावरून ते बघत होते आणि त्यांच्या मनात आलं, आणखी दोनचार रंग आणायला हवे होते.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला आणि गॅरेजवाला तिकडे गेला. बाई दमल्या होत्या. रचून ठेवलेल्या टायरांवर त्या टेकल्या, पाय पुढे ताणला आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

"आता खरं सांगा. हे रंगाचं खूळ डोक्यात कुठून शिरलं?"

फ्रेमवाल्यांनी बाकावरचं फडकं उचलून हात पुसले. हात स्वच्छ होते.

"ब्रेक नवे केलेत. सगळे. अगदी नळ्यासुद्धा. म्हटलं, तुला दिसावेत."

"मला कशाला दिसायला हवेत?"

"म्हणजे तू पुढे बसशील."

बाईंनी गुडघ्यावरचा हात काढला.

"तुम्हाला वाटलं, मी ब्रेकच्या भीतीने मागे बसते?"

"ब्रेकच्या नाही. माझ्या." फ्रेमवाले फडक्याची घडी घालू लागले. "त्या बसच्या मागे मी उशीर केला. मला कळलं होतं तेव्हाच."

"काही उशीर केला नाहीत. मी लावला असता तिथेच लावलात."

इतक्या वर्षांत त्यांच्या ड्रायव्हिंगला बाईंकडून मिळालेली ही पहिली शाबासकी होती आणि ती हातात घेऊन काय करावं ते फ्रेमवाल्यांना समजेना. "मग?" ते म्हणाले.

"माझा पाय उठला नाही."

त्या पायाकडेच बघून बोलत होत्या. "बस थांबली, मी दाबायला गेले आणि हा जागचा हललाच नाही. नुसता ठणकला. तुम्ही ब्रेक लावलात, गाडी थांबली, सगळं व्यवस्थित झालं. आणि मी आपली बसून बघतेय."

"अगं, पण तिथे ब्रेक नाहीच आहे."

"नाहीये ते मला माहीत आहे. मला शिकवू नका." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पायाला ते कुठे माहीत होतं? तो आपलं काम करत होता. त्या दिवशी बसले ती अशी, की समोरून काही आलं तर माझा काहीच उपयोग नाही. मला नाही जमत तुमच्या शेजारी तसं बसायला. मागे निदान पायाला कसली अपेक्षा नसते."

फ्रेमवाल्यांनी फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. आजवर त्यांनी तो मॅटवरचा धप्प आवाज आपल्या नावावर मांडला होता. प्रत्येक धप्प म्हणजे त्यांची एक चूक. त्यावरून ते हसले होते, कधी चिडलेही होते. पण ही बाई इतकी वर्षं शेजारी बसून आपल्याबरोबर गाडी चालवत होती, हे काही त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आणि हल्ली गाडी फार शांत चालते आणि ती शांतता आपल्याला मुळीच आवडत नाही, हेही त्यांना आत्ता कळलं. तिला ते सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण बोलायला गेले ते भलतंच.

"मॅट बदलू दिली नाही मी. हा बदलतो म्हणत होता."

"ती भोक पडलेली?"

"हं."

"वेडे आहात," बाई म्हणाल्या, आणि उठायला आधार म्हणून हात पुढे केला. एरवी त्या काठी घेत.

गॅरेजवाला बाहेर आला. "मग? कोणता मारायचा चारही चाकांना?"

"ठरत नाहीये," फ्रेमवाले म्हणाले.

"सावकाश ठरवा. पण पॅड आज रुळवून घ्यायला लागतील. नवे पॅड चकतीला नीट बसले नाहीत तर ब्रेक कचकच करतात. गोदामांच्या मागच्या रस्त्याला न्या. थोडा वेग घ्यायचा, बेताने ब्रेक, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. परत वेग, परत ब्रेक. मीच नेली असती, पण दुसऱ्या एका गाडीचं गिऱ्हाईक यायला निघालंय."

"यांना न थांबवता ब्रेक लावता येत नाही," बाई म्हणाल्या. "हे एकदम पाय देतात."

"मग तुम्ही बसा ना शेजारी. तुम्ही सांगा, काका लावतील."

गॅरेजवाल्याला बिचाऱ्याला कशाचीच कल्पना नव्हती. फ्रेमवाले भिंतीला लावलेल्या चाकांकडे असे बघत राहिले, जणू ती मोजायची होती. बाईंनी पाय जरासा उचलून खाली ठेवला.

"चाकं चढवा," त्या म्हणाल्या.

गोदामांमागचा रस्ता रुंद आणि रिकामा होता. दोन्हीकडे लांबच लांब भिंती, मध्येच एखादी गल्ली, एखादा उभा ट्रक. गॅरेजपाशीच बाईंनी पुढच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला होता. इथे पोचल्यावर त्यांनी सीट मागेपुढे करून बघितली, आणि मग आरसा, जो त्यांच्या कामाचा नव्हता, तोही ठीक केला. फ्रेमवाले स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. आपण तोंड उघडलं आणि तिचं मन फिरलं तर काय घ्या.

"पट्टा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पट्टा लावला.

"जाऊ द्या. अजून. अजून घ्या, इथे कोण आहे तुम्हाला हसायला. आता."

त्यांनी ब्रेक लावला आणि गाडी मान तुकवून उभीच राहिली.

"थांबायचं नाही म्हटलं ना. दाबू नका, टेकवा. परत. जाऊ द्या. आता. हं. असं."

हा आवाज त्यांनी फार दिवसांत ऐकला नव्हता. शिकवणीचा आवाज, कोरडा आणि स्वच्छ, चुकलं तरी न चढणारा. त्या आवाजाखाली कधीकाळी त्यांना गिअर सापडत नसे, इतकी गडबड उडायची, आणि त्याचं कारण गिअर नव्हतं. आत्ताही त्यांचे कान तापले. जाऊ द्या, आता. जाऊ द्या, आता. रस्ता संपला की वळायचं आणि पुन्हा तेच. तिचा शब्द आणि त्यांचा पाय इतके जुळून आले की फ्रेमवाल्यांना वाटलं, आपल्याला गाडी येते.

परतताना फ्रेमवाल्यांच्या बाजूच्या एका गल्लीतून एक सायकलवाली घरंगळत आली. फ्रेमवाल्यांनी तिला ती रस्त्यावर यायच्या आत बघितलं, आणि त्यांचा पाय उठतोय तोच कानावर शब्द आला, "आता." गाडी अलगद मंदावली. सायकलवाली यांच्याकडे न बघताच निघून गेली.

पुढे गेल्यावर फ्रेमवाल्यांना कोडं पडलं. गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता. त्यांनी सायकल बघितली ती ट्रकच्या पुढच्या फटीतून, खिडकीच्या अगदी कडेने. बाईंच्या बाजूने ती दिसणं शक्य नव्हतं. मग हिने सांगितलं कसं?

त्यांनी मान न वळवता नुसते डोळे वळवले. बाई रस्त्याकडे बघत नव्हत्या. मान किंचित कलती करून त्या त्यांच्या पायाकडे बघत होत्या. नव्या विद्यार्थ्याच्या पायाकडे बघतात तसं.

समोर रस्ता पार रिकामा होता. फ्रेमवाल्यांनी उगाचच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका केला.

"आता," बाई म्हणाल्या.

त्यांनी ब्रेक लावला. थोडं पुढे जाऊन पुन्हा पाय हलका केला आणि पुन्हा शब्द आला. तिसऱ्यांदा त्यांनी ते करून बघितलं नाही. मात्र त्यानंतर ते पाय उचलून क्षणभर तसाच धरायला लागले, तिचं बोलून होईपर्यंत. समोरचं धुरकट दिसायला लागलं म्हणून त्यांनी पुढची काच पुसली. काच स्वच्छच होती.

गॅरेजच्या दारात गाडी येताच गॅरेजवाला बाहेर आला. चाकाजवळ वाकून त्याने फटीतून आत बघितलं, तापलेल्या लोखंडाचा वास घेतला आणि मान डोलावली.

"मस्त रुळलेत पॅड. काही बघायलाच नको. मग, रंग ठरला?"

फ्रेमवाल्यांनी बायकोकडे पाहिलं.

"कसले रुळलेत," बाई म्हणाल्या. "अजून बऱ्याच फेऱ्या लागतील. आणि रंगाचं म्हणाल, तर तो उभ्या गाडीवर वेगळा दिसतो आणि पळत्या गाडीवर वेगळा. काही दिवस चालवून बघावं लागेल."

"चार चाकांना चार रंग घेऊन हिंडणार?"

"यांना शोभतं."

गॅरेजवाल्याने तोंड उघडलं. पॅड कधी रुळतात हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि बाईंनाही ते माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. त्याने तोंड मिटलं आणि बाकाला टेकून ठेवलेली काठी आणून खिडकीतून आत दिली. बाईंनी ती घेतली आणि मागच्या सीटवर टाकून दिली.

"सोडा ब्रेक," त्या म्हणाल्या, आणि फ्रेमवाल्यांनी ब्रेक सोडला.